ब्लाइबन म्हणजे राहणे

मये, डिचोली
१२ ऑक्टोबर १९८६

ती. मामांना गौरवीचा नमस्कार.

एवढं जाड पाकीट बघून घाबरू नका, घरी सगळे बरे आहेत. काम माझं आहे. पणजीला नर्सिंग शिकत होते तेव्हाच्या आमच्या सिस्टरनी माझ्यासाठी जर्मनीत जागा बघितली आहे. ब्रेमेन शहरात म्हाताऱ्या माणसांचा आश्रम आहे, तिथे नर्स हवी आहे. इथे खाणीच्या दवाखान्यात पाच वर्षं झाली. लाल धूळ खाऊन खोकणाऱ्या माणसांना मी रोज तेच पिवळं औषध ओतून देते आणि ती रोज तशीच खोकत परत येतात. मला आता ते बघवत नाही.

फेब्रुवारीत मुंबईला तोंडी परीक्षा आहे, जर्मनमधून. आई म्हणते, "तुज्या मामाक येता ती भास, ताकाच विचार." पेडण्याच्या मराठी शाळेतल्या मास्तरांना जर्मन येतं हे इथे सांगितलं की लोक हसतात. पुस्तकात क्रियापदांची यादी आहे आणि सगळीच वाकडी चालतात. पहिल्याच पानावरच्या ब्लाइबननं माझा जीव खाल्ला. तेवढं एक तरी समजावून सांगा.

दुसरी अडचण आईची. बाबा गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. सिद्धेश खनिजाच्या ट्रकवर असतो, तो जायलाच सांगतो, "वच गो" म्हणतो. आई मात्र म्हणते, माझ्या माहेरच्या सातेरीला विचारल्याशिवाय मुलगी समुद्रापलीकडे पाठवणार नाही. देवीच्या अंगाला लावलेली पाकळी उजवीकडून पडली तर जा, डावीकडून पडली तर विषय बंद. तिला गुडघ्यामुळे एवढ्यात येता येणार नाही, पण ती येणार हे नक्की.

तुमची,
गौरवी


पेडणे
१९ ऑक्टोबर १९८६

चि. गौरवी, मामाचे आशीर्वाद आणि एक कानपिचकी.

पाच वर्षांत एक पोस्टकार्ड नाही आणि जर्मन अडलं तशी चार पानं! अडला हरी... जाऊ दे, म्हण पुरी केली तर गाढव मीच ठरतो.

आता कान इकडे कर. जर्मन क्रियापदं दोन जातींची. दुबळी असतात त्यांना भूतकाळात जायला मागे शेपूट जोडावं लागतं. सबळ असतात ती पोटातला स्वर बदलून मोकळी होतात. ब्लाइबन म्हणजे राहणे, ब्लीब म्हणजे राहिला, गेब्लीबन म्हणजे राहिलेला. यात घाबरण्यासारखं काय आहे? आपणही कर-केला, मर-मेला म्हणतोच, तेव्हा कुठे जीव जातो आपला?

पुढची गोष्ट सगळे चुकतात. जर्मन माणूस 'मी खाल्लं आहे' म्हणताना एक साहाय्यक घेतो आणि 'मी राहिलो आहे' म्हणताना दुसरा. इष बिन गेब्लीबन, इथे बिनच पाहिजे. आपलं बघ. त्यानं खाल्लं, त्यानं मारलं, पण तो राहिला. त्यानं राहिलं असं कुणी म्हणेल का? राहणारा काही करत नाही, त्याच्या बाबतीत ते होतं. एवढं लक्षात ठेवलंस तर परीक्षक खूश.

मी हे कुठे शिकलो विचारशील. लढाईच्या पहिल्या वर्षांत मुरगाव बंदरात जर्मन बोटी अडकून पडल्या होत्या. मी वीस वर्षांचा, तिथल्या एका दुकानदाराकडे कामाला होतो आणि बोटीवर पाव-उंडे पोचवत होतो. हिन्रिक नावाचा खलाशी मास्तरांचा मुलगा होता, त्याला शिकवायची खाज. मी पाव द्यायचा आणि त्यानं एक क्रियापद द्यायचं. पुढे बोटी बुडाल्या, खलाशांना आग्वादच्या किल्ल्यात कोंडलं. शेहेचाळीस साली सुटून परत निघाला तेव्हा म्हणाला, चल माझ्याबरोबर, काम मिळवून देतो. मी कपडे बांधले होते. बाबांनी सातेरीला प्रसाद लावला, डावा झाला. हिन्रिक गेला, मी चाळीस वर्षं पेडण्याच्या पोरांना पाढे शिकवले. त्याचं व्याकरणाचं पुस्तक तेवढं माझ्याकडे आहे. अजून अधूनमधून काढतो.

मामा


मये
३० नोव्हेंबर १९८६

ती. मामा,

इष ब्लाइबे, दू ब्लाइब्स्ट, एर ब्लाइब्ट. विहिरीवर पाणी ओढताना म्हणते. शेजारची रेश्मा विचारते, हे कसलं स्तोत्र? सिद्धेशलाही तोंडपाठ झालं, ट्रकचं चाक बदलताना तोही म्हणतो.

तुमचं आणि त्याचं फिस्कटलं ते मला त्याच्याकडून कळलं. म्हापशाच्या स्टँडवर चारचौघांत तुम्ही त्याला "भाषा म्हणजे काय ते ट्रकवाल्यानं मला शिकवू नये" म्हणालात. मामा, तो कोंकणीसाठी मोर्चात जातो आणि तुम्ही मराठीच्या सभेत अध्यक्ष होता, हे कबूल. पण तो घरी येऊन जेवला नाही. मी सांगितलं, मामाला पत्र लिही. म्हणाला, "खंयचे भाशेंत?"

आई पुढच्या महिन्यात यायचं म्हणते. मला आता धीर धरवत नाही. मामा, मी गेले नाही तर इथेच त्या पिवळ्या बाटलीजवळ म्हातारी होईन.

गौरवी


पेडणे
३० डिसेंबर १९८६

चि. गौरवी,

तुझं पत्र वीस दिवसांनी मिळालं. भाषेच्या आंदोलनात रस्त्यावर झाडं पाडून टाकली होती, बस नाही, टपाल नाही. तुझ्या आईनं, सरूनं, खाणीच्या फोनवरून इथल्या कचेरीत निरोप दिला की मला येता येत नाही, दादानंच जाऊन प्रसाद लावावा. म्हणून काल सोमवारी मी गेलो. शंभू गुरव आणि मी, दोघेच होतो.

उजवा झाला. सरूला सांग. तू जा.

आता अभ्यास. ब्लाइबनच्या इतिहासात एक गंमत आहे. मुळात ते बे-लीबन होतं. बे हा उपसर्ग, लीबन हा धातू, आणि त्याचं आपल्या लिप् धातूशी रक्ताचं नातं. भिंत लिंपतो तोच. चिकटला तो राहिला, असा अर्थ सरकत गेला. लोक भराभर बोलू लागले तसा बेचा नुसता ब् उरला. दुसरं असं की पूर्वी भूतकाळात दोन स्वर होते. एकटा राहिला तर बेलाइप, पुष्कळ राहिले तर बेलिबन. पुढे कुणाला एवढं सांभाळायला वेळ नव्हता. एकट्याचं रूप टाकून दिलं आणि पुष्कळांचाच स्वर सगळ्यांना लावला. परीक्षेत हे कोणी विचारणार नाही. मी उगाच लिहीत बसलो आहे.

सिद्धेशला म्हणावं, म्हातारा तोंडाळ आहे. त्याला पत्र लिहायला दोनदा बसलो, जमलं नाही.

मामा


मये
२२ फेब्रुवारी १९८७

ती. मामा,

पास झाले. परीक्षक बाईंनी विचारलं, तू जर्मनीत किती दिवस राहणार? मी पूर्ण वाक्यात उत्तर दिलं, त्या हसल्या. पंधरा मार्चचं विमान आहे.

आईनं वाड्यावर सगळ्यांना साखर वाटली. ज्याला त्याला सांगते, "म्हज्या देवीन उजवो दिला, आतां कोणाची भीड?" सिद्धेश माझी पेटी बांधतो आहे. तो तुमच्यावर रागावलेला नाही. एवढं खात्रीनं लिहिते.

हिन्रिकच्या पुस्तकातलं ब्लाइबनचं पान कापून पाठवाल, तसं करू नका, पुस्तक तुमच्याजवळच असू दे. पेडण्याला यायला जमेलसं दिसत नाही. इथूनच पाया पडते.

गौरवी


ब्रेमेन
७ जून १९८७

ती. मामा,

आपल्याकडचं वर्तमानपत्र इथे मिळत नाही, पण सिद्धेशनं लिहिलं की गोवा राज्य झालं आणि पेडण्याच्या कचेरीसमोर फटाके वाजले. तुम्ही गेला होता का?

माझ्याकडे बावीस म्हाताऱ्या आहेत. त्या पुस्तकातलं जर्मन बोलत नाहीत, किनाऱ्याकडची जुनी बोली बोलतात. ब्लाइबनला ब्लीवन म्हणतात. लूडर्स आजी माझा हात धरून रोज "ब्लीव" म्हणतात, थांब. ऐंशी वर्षांच्या आहेत. नवऱ्याचा फोटो दाखवून म्हणाल्या, हा समुद्रावर राहिला. मी विचारलं, अजून तिथेच असतो? मग कळलं की बोट बुडून मेला. मामा, आपल्याकडे मेलेला माणूस गेला म्हणतात, आणि यांचा राहतो. याचं काही कारण पुस्तकात आहे का?

सिद्धेश लिहितो, पावसात ट्रक बंद झाले की खाणीत पंपावर काम आहे, तिथे जाणार. खड्ड्यात पाणी भरतं ते उपसायचं. मी लिहिलं आहे, जपून रहा. आईची काळजी नाही, ती रोज सातेरीला दिवा लावते आणि तुमचं नाव काढते.

गौरवी


मये
१४ जुलै १९८७

चि. गौरवी,

तार मिळाली असेल. तारेत जे लिहिलं ते खरं आहे.

शुक्रवारी दुपारी खड्ड्याच्या काठावरची माती पावसानं सुटली आणि खाली पंपाजवळ आली. तिघे होते. दोघे पळाले. सिद्धेश पंप बंद करायला वळला. त्याला काढायला दोन दिवस लागले. मी दोन्ही दिवस काठावर होतो. अग्नी मी दिला, मामा म्हणून मला तेवढं करू दिलं.

तू यायला निघू नकोस. पोचेपर्यंत बारावं होऊन जाईल.

सरू रडत नाही. बसून असते.

क्रियापदाचं विचारलं होतंस. ते आता नको.

मामा


ब्रेमेन
२ ऑगस्ट १९८७

मामा,

इथून डिसेंबरपर्यंत सुट्टी नाही. मी काम करते. बाकी काही सुचत नाही.

आईला माझी पत्रं कोण वाचून दाखवतं? आधी सिद्धेश वाचायचा. ती काय बोलते ते जसंच्या तसं लिहा, माझी समजूत घालायला म्हणून काही गाळू नका.

गौरवी


पेडणे
२० सप्टेंबर १९८७

चि. गौरवी,

पत्रं रेश्मा वाचून दाखवते. चवथीला घरात गणपती आणला नाही. तू जसंच्या तसं लिहा म्हणालीस, म्हणून लिहितो. सरूनं देव्हाऱ्यातली सातेरीची तसबीर काढून भातकणगीच्या मागे उलटी ठेवली आहे. दिवा लावत नाही. म्हणते, "उजवो प्रसाद दिवन पूत व्हरपी देवी म्हाका नाका. हांवें तिचेर विश्वास दवरलो आनी तिणें म्हाका फटयलें." जेवते एक वेळ. लहानपणापासून जिच्या भरवशावर सगळं काढलं, तीच खोटी निघाली म्हणते. मुलगा गेला आणि वर हेही गेलं.

गौरवी, देवीनं तिला फसवलं नाही. मी फसवलं.

त्या सोमवारी प्रसाद डावा झाला होता. मी शंभूला परत लावायला सांगितला. परत डावा. मी घरी आलो आणि तुला पत्र लिहिलं. उजवा हा शब्द लिहायला काहीच कष्ट पडले नाहीत. मला माझे बांधलेले कपडे दिसत होते. एक ओली पाकळी कुठल्या बाजूनं घसरते यावर घरातली दोन माणसं बसून राहावीत, हे मला पटलं नाही. मी मराठी शाळेचा मास्तर, शिकलेला, मला वाटलं हे सगळं थोतांड आहे. आता काठावर दोन दिवस उभा राहिल्यावर ते तितक्या जोरानं म्हणता येत नाही. पाकळीमुळे माती सुटली नाही, हे मला कळतं. पण कळून उपयोग होत नाही.

आणखी एक मनात येतं ते लिहूनच टाकतो. बाबांनी मला डावा झाला म्हणून सांगितलं, तेव्हाही देवळात बाबा आणि गुरव दोघेच होते. चाळीस वर्षांत मला कधी शंका आली नाही. स्वतः खोटं सांगितल्यावर आली.

मी सरूला सांगणार आहे. आधी तुला सांगणं भाग होतं. तुला शिव्या द्यायच्या तर दे.

मामा


ब्रेमेन
११ ऑक्टोबर १९८७

मामा,

तुम्हाला शिव्या देण्याचा हक्क मला नाही. मला माहीत होतं.

जानेवारीत सिद्धेश मोटरसायकलवरून पेडण्याला आला होता. तुमच्याशी भांडण, म्हणून तुमच्या घरी आला नाही. प्रसाद उजवा झाला म्हणून देवीला नारळ द्यायला गेला होता. शंभू त्याला म्हणाला, "कसलो उजवो रे? डावो जालो, दोन फावटीं." सिद्धेशनं तरीही नारळ दिला. शंभूला सांगितलं, आपण आलो होतो हे मामाच्या कानावर घालू नको.

घरी येऊन तो मला तळ्याच्या बांधावर घेऊन गेला आणि सांगितलं. मी म्हटलं, आता? म्हणाला, "मामान सांगला तोच प्रसाद. तूं वच. आवयक हांव पळयतां." आईला तो सांभाळणार होता. परत वाटेत म्हणाला, "म्हातारो भाशेचेर कितेंय उलयता, पूण मनीस बरो." मी तुम्हाला हे लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तुम्हाला कळलं असतं की मला कळलं आहे, आणि मग मला जाता आलं नसतं. आई साखर वाटत होती तेव्हा मी वाटी धरून तिच्याबरोबर दारोदार फिरले. प्रत्येक दारात ती देवीचं नाव घेत होती आणि मी मान हलवत होते.

म्हणून आईला सांगायचं असेल तर तिघांचं सांगा. निम्मं सांगू नका. मी डिसेंबरात येते, तोपर्यंत थांबलात तर मीच माझ्या तोंडानं सांगेन. ती मला घरात घेणार नाही, कदाचित पुन्हा तोंडही बघणार नाही. घेवो न घेवो.

लूडर्स आजी गेल्या आठवड्यात वारल्या. शेवटचा दिवसभर मी त्यांच्याजवळ थांबले.

गौरवी


पेडणे
१५ नोव्हेंबर १९८७

चि. गौरवी,

तुझं ऐकलं नाही. डिसेंबरपर्यंत सरू टिकेल असं मला वाटलं नाही.

काल दुपारी मयेला गेलो. सरू अंगणात भात वाळत घालून पायानं वरखाली करत होती. मी पायरीवर बसून सगळं सांगितलं. सोमवार, शंभू, दोनदा लावलेला प्रसाद. ती भातातून चालतच होती, या टोकाकडून त्या टोकाला. मला वाटलं ऐकत नाही. मग थांबली.

"म्हणटकच देवीन डावो दिल्लो?"

"डावोच. दोनूय फावटीं."

"सिद्धेशाक खबर आशिल्ली?"

"आशिल्ली," मी म्हटलं. तो नारळ द्यायला गेला होता तेही सांगितलं. नारळाचं ऐकून ती खाली बसली. चार महिन्यांत पहिल्यांदा रडली. मी जवळ गेलो नाही.

पुष्कळ वेळानं तिनं विचारलं, "आनी गौरवीक?"

तुझं पत्र माझ्या खिशात होतं. तू निम्मं सांगू नका म्हणून बजावलं होतंस.

"ना," मी म्हटलं. "तिका कोणेंच सांगलें ना."

ती आत गेली. कणगी सरकल्याचा आवाज आला. पदरानं तसबीर पुसून तिनं देव्हाऱ्यात ठेवली, दिवा लावला आणि बराच वेळ नाक घासत होती. काय म्हणत होती ते कळलं नाही, पण माफी मागत होती असं वाटलं. मग दारात आली. मला पाणी विचारलं नाही. म्हणाली, "दादा, तुजी बस आसा चार वरांचेर. आतां हांगा परतून पांय दवरूं नाका."

सत्तर वर्षांची होईपर्यंत एकही भाऊबीज चुकवायची नाही असं लहानपणी आमचं ठरलं होतं. असो. तिला देवी परत मिळाली आणि मुलगी तिच्याजवळ राहिली. दोन्ही मिळून मला तेवढंच साधता आलं.

तू डिसेंबरात जाशील तेव्हा खरं सांगून मन मोकळं करावंसं वाटेल. करू नकोस. तुझं मन मोकळं होईल आणि तिचं शेवटचं माणूस जाईल. नर्स आहेस, काय दुखवायचं आणि काय नाही ते तुला माझ्याहून जास्त कळतं.

मात्र घरी जाण्याआधी तिला एक पत्र लिही. मामाचं पत्र आलं, सगळं समजलं, मामानं आम्हाला फसवलं, मी त्यांना कधी क्षमा करणार नाही, असं त्यात असू दे. हात आखडू नकोस, मोठ्या अक्षरात लिही. रेश्मा ते मोठ्यानं वाचून दाखवणार आहे.

मामा